स्टीलच्या इमारतींचं डिझाइन : सुरुवात कुठून करायची?

लोखंड्या:
आरसीसीच्या धाग्यावर दोघातिघांनी म्हटलं होतं की स्टीलचंही कुणीतरी लिहा, कॉलेजात एक पेपर होता, कोडची (म्हणजे डिझाइनच्या नियमांच्या पुस्तकाची) टेबलं उघडायची आणि आकडे भरायचे, पण नक्की काय चाललंय ते डोक्यात शिरलंच नाही. तर बसलोय लिहायला. सूत्रं कमीत कमी टाकतो, ती पुस्तकात आहेतच.

आधी मटेरियल. साधं २५० ग्रेडचं स्टील घ्या. दर चौरस मिमीला २५० न्यूटन ताण आला की ते यील्ड होतं, म्हणजे लोड काढला तरी मूळ लांबीला परत येत नाही. तोवर ते ताणलं किती जातं? मीटरमागे सव्वा मिलिमीटर, बस. आणि तुटतं कधी? चांगलं स्टील २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्यापुढं ताणल्यावर, म्हणजे त्याच मीटरमागे २०० मिमी. सव्वा आणि दोनशे, ह्या दोघांच्या मधे जी प्रचंड जागा आहे ना तिच्या जिवावर आपण सगळे झोपतो. एका ठिकाणी ताण जास्त झाला तर तिथलं स्टील यील्ड होऊन जरा सरकतं, जादाचा लोड शेजाऱ्याकडे ढकलतं आणि काम चालू राहतं. हीच डक्टिलिटी, भूकंपात आपण हिच्याच भरवशावर असतो.

दुसरा आकडा ई, म्हणजे यंग्ज मॉड्युलस, स्टीलच्या ताठपणाचं माप. २ लाख मेगापास्कल, म्हणजेच दर चौरस मिमीला २ लाख न्यूटन (युरोपात २ लाख १० हजार धरतात). हा नीट लक्षात ठेवा. ग्रेड २५० असो, ३५५ असो नाहीतर ४५०, ई तोच राहतो. जास्त ताकदीचं स्टील जास्त ताठ नसतं, आणि निम्मे गोंधळ इथंच होतात.

आता माझं मुख्य म्हणणं. स्टीलचा मेंबर (बीम, कॉलम असा एकेक भाग) नुसती ताकद संपली म्हणून जाणं हे फार क्वचित होतं. त्याआधी तो बकल होतो (दाबाखाली बाजूला वाकतो), नाहीतर इतका वाकतो की खालचं सीलिंग तडकतं, नाहीतर जोड सुटतो. कारण सरळ आहे, स्टील ताकदवान म्हणून आपण सेक्शन (मेंबरचा आडवा छेद) बारीक वापरतो आणि बारीक वस्तू बाजूला पळते. काँक्रीटचा ४०० बाय ४०० चा नेहमीच्या उंचीचा कॉलम सहसा बकलिंगची चिंता करायला लावत नाही, स्टीलमधे कॉलम म्हटला की पहिला विचार तोच.

प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा. ती चिरडत नाही, पोट काढून बाजूला जाते. ऑयलरनं १७४४ साली ह्याचं गणित मांडलं आणि ते आजही तसंच चालतं: लांबी दुप्पट केली की बकलिंगचा लोड चौथा हिस्सा. आणि गंमत म्हणजे त्या सूत्रात यील्ड स्ट्रेंथ कुठंच नाही! फक्त ई, सेक्शनचा आकार आणि लांबी. म्हणजे लांबलचक सडपातळ कॉलमला महागाचं ४५० ग्रेडचं स्टील लावलं तरी फायदा जवळपास शून्य.

जेवून येतो, मग बीमबद्दल लिहितो.

सिव्हिल_सेकंड_इयर:
पहिला नंबर! दादा, तो सव्वा मिमीचा आकडा कसा आला ते लिहा ना.

लोखंड्या:
२५० भागिले २ लाख. ०.००१२५, मीटरला सव्वा मिमी. उदाहरणं करताना प्रत्येक आकडा असा मिलिमीटरमधे डोळ्यांपुढं आणायची सवय लाव, मेगापास्कलमधे काही दिसत नाही.

काँक्रीटप्रेमी:
वाचतोय. पण खरं सांगा लोखंड्या, एवढी सगळी बकलिंगची भीती असलेलं मटेरियल वापरायचंच कशाला? आमचा काँक्रीटचा ठोकळा बरा, उभा केला की उभा. वर गंज नाही, आगीला तोंड देतो.

लोखंड्या:
😀 माहीत होतं तुम्ही येणार. गंज नाही म्हणता, तुमच्या ठोकळ्यात आत सळ्या आहेत हो, त्यांचं काय. वजनाचं बघा. स्टीलची घनता ७८५०, काँक्रीटची २४०० ते २५००, म्हणजे स्टील तिपटीनं जड, पण ताकद दहापट किंवा त्याहून जास्त. त्यामुळं फ्रेमचं एकूण वजन कमी, पाया हलका, भूकंपाचं बलही कमी कारण ते वजनावरच ठरतं. मोठे गाळे मिळतात. कारखान्यात कापून भोकं पाडून आणायचं आणि साइटवर बोल्ट मारायचे. काँक्रीट वाईट असं मी म्हणतच नाहीये, बहुतेक स्टीलच्या इमारतींत स्लॅब काँक्रीटचाच असतो आणि उंच इमारतीत लिफ्टचा कोअरही. एकत्र नांदतात दोघं.

आग आणि गंज खाली घेतो, आधी बीम.

लोखंड्या:
हं, बीम. उदाहरण एकच घेऊ पण शेवटपर्यंत नेऊ.

६ मीटरचा सिम्पली सपोर्टेड (दोन्ही टोकांना नुसता टेकलेला) बीम. त्याच्यावर स्लॅब, फिनिश, माणसं सगळं धरून मीटरला २० किलोन्यूटन. आयएसएमबी ३०० (आपल्याकडचा आय आकाराचा तयार सेक्शन) घेतला: खोली ३०० मिमी, फ्लँज (आयची वरची-खालची आडवी पट्टी) १४०, वजन मीटरला ४४ किलो. (युरोपातला आयपीई ३०० ह्याचाच चुलतभाऊ, ४२ किलोचा.)

लोडवर १.५ चा फॅक्टर, म्हणजे ३०. मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) = ३० गुणिले ६ चा वर्ग भागिले ८ = १३५ किलोन्यूटन मीटर. सेक्शनचा प्लास्टिक मॉड्युलस (आकारावरून ठरणारा आकडा, टेबलात मिळतो) साधारण ६५२ घन सेमी, त्याला २५० नं गुणून १.१ नं भागलं की क्षमता १४८. १३५ पेक्षा जास्त. झालं, पास. पुष्कळ जण इथं वही मिटतात.

आता डिफ्लेक्शन, म्हणजे बीम किती वाकतो ते. इथं फॅक्टर लावायचा नाही, रोजचा खरा लोड २० च घ्यायचा. पाच डब्ल्यू एल चा चौथा घात वगैरे केलं की येतं १९.६ मिमी. आयएस ८०० (आपला स्टीलचा कोड) च्या टेबलात तडकणारं फिनिश नसेल तर लांबी भागिले ३००, म्हणजे २० मिमी. काठावर पास. पण खाली जिप्समचं सीलिंग किंवा वर तडकणारी पार्टिशन असेल तर लांबी भागिले ३६०, म्हणजे १६.७. नापास! ताकदीत दहा टक्के शिल्लक आणि तरी बीम नापास.

मग कुणीतरी म्हणतो ३५० ग्रेडचं स्टील वापरू. वापरा की. ताकद १४८ वरून दोनशेच्या वर जाईल, डिफ्लेक्शन १९.६ चं १९.६ च राहील कारण ई तोच. इलाज एकच, खोली वाढवा. आयएसएमबी ३५० घेतला तर वजन ५२ किलो होतं, म्हणजे १८-१९ टक्के जास्त, आणि वाकणं येतं १२.४ वर. थोड्या वजनात एवढा फरक पडतो तो खोलीमुळं. म्हणूनच बीमचा सेक्शन आय असतो, माल मधल्या रेषेपासून जितका लांब तितका उपयोगाचा.

पण त्या १४८ ला एक अट आहे जी लोक वाचत नाहीत, ती पुढच्या प्रतिसादात.

आर्किटेक्ट_अर्धवट:
हे वाचून आमच्या स्ट्रक्चरलवाल्यांनी बीमची खोली ३०० वरून ३५० का केली ते आज कळलं. मी भांडले होते कारण डक्टला जागा उरत नव्हती. त्यांनी सांगितलं असतं ना की वाकण्यात नापास होतंय, नुसतं "कोडमधे बसत नाही" म्हणाले.

लोखंड्या:
डक्टसाठी वेबला (आयची मधली उभी पट्टी) भोक पाडता येतं. वेब मुख्यतः शिअर (कातरणारं बल) घेतो आणि असा पसरलेला लोड असेल तर गाळ्याच्या मध्यावर शिअर कमी असतो, तिथं मधोमध गोल भोक बऱ्याचदा चालून जातं. सपोर्टजवळ मात्र मागू नका. आणि आधी मागा, साइटवर गॅस कटरनं पाडलेलं भोक बघितलं की माझं बीपी वाढतं.

गॅसकटर:
आम्हाला बोलावलं का कुणी 😀

आयडीतच काम आलं. पंधरा-वीस वर्षं फॅब्रिकेशन शॉपमधे आहे. चालू दे लोखंड्याभाऊ, जोडणीचं आलं की मी येतो, खूप साठलंय.

लोखंड्या:
या या, तुमची गरज पडणार आहे.

तर अट. १४८ ही क्षमता वरचा फ्लँज बाजूला सरकू शकत नाही असं धरून आहे. बीम वाकतो तेव्हा वरचा फ्लँज दाबात असतो, म्हणजे तो एक आडवा पडलेला कॉलमच झाला, आणि तो बाजूला पळायला बघतो. खालचा फ्लँज ताणात असल्यामुळं त्याला ओढून धरतो, परिणामी आख्खा बीम पिळतो. लॅटरल टॉर्शनल बकलिंग हे लांबलचक नाव त्याचंच. वर काँक्रीटचा स्लॅब नीट बांधलेला असेल तर प्रश्नच नाही. पण तोच आयएसएमबी ३००, तोच ६ मीटर, पूर्ण लांबीत कुठंच आधार नाही असं धरून आयएस ८०० नं काढलं तर १४८ चे साधारण ५६ होतात. चाळीस टक्केही उरत नाही. सेक्शन तोच, स्टील तेच!

आय सेक्शनच्या दोन अक्षांचा इनर्शिया (आकारामुळं वाकण्याला होणारा विरोध) काढून बघा, उभ्या दिशेनं आडव्याच्या १९ पट आहे. म्हणून तो एका बाजूनं पैलवान आणि दुसऱ्या बाजूनं अगदीच किडकिडीत.

इथं दोन फसवे प्रसंग येतात. एक, स्लॅब ओतताना. ओलं काँक्रीट आधार देत नाही, वजन मात्र पूर्ण देतं, त्यामुळं त्या अवस्थेचं वेगळं चेकिंग लागतं (डेक शीटच्या, म्हणजे स्लॅबखालच्या पत्र्याच्या, नळ्या बीमला आडव्या असतील आणि शीट नीट फिक्स केलं असेल तर ती फ्लँज धरते, समांतर असेल तर भरवसा नाही). दोन, हलकं पत्र्याचं छप्पर. वादळात वारा छप्पर वर ओढतो, मोमेंट उलटा होतो आणि आता दाबात येतो खालचा फ्लँज. वरच्याला पर्लिननी (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांनी) धरलंय, खालच्याला कुणीच नाही. म्हणून राफ्टरच्या (छपराच्या मुख्य बीमच्या) खालच्या फ्लँजपासून पर्लिनकडे तिरके छोटे अँगल दिसतात, ते शोभेचे नाहीत.

उंटावरून:
छान धागा, वाचनखूण साठवली आहे. मी स्ट्रक्चरवाला नाही, मेकॅनिकलवाला आहे. प्रश्न असा की हे फॅक्टर १.५, १.१ वगैरे कुठून येतात? आमच्याकडे फॅक्टर ऑफ सेफ्टी एकच आकडा असतो.

लोखंड्या:
जुन्या पद्धतीत स्टीलमधेही एकच असायचा, वर्किंग स्ट्रेस. आता अनिश्चितता दोन ठिकाणी वाटतात, लोडची वेगळी आणि मालाची वेगळी. आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत डेड (इमारतीचं वजन) आणि लाइव्ह (माणसं, सामान) दोन्हीला १.५ आणि यील्डसाठी १.१०, तुटण्यासाठी आणि बोल्टसाठी १.२५. अमेरिकेत डेडला १.२, लाइव्हला १.६ आणि क्षमतेला ०.९ नं गुणतात. युरोपात १.३५ आणि १.५, आणि मालाला मूळ कोडमधे १.०. लॉजिक असं की इमारतीचं स्वतःचं वजन बऱ्यापैकी अचूक कळतं, माणसं आणि सामान किती येईल ते कळत नाही. यील्ड झालं तर इशारा मिळतो, तुटलं तर मिळत नाही, म्हणून तुटण्याचा फॅक्टर मोठा.

एक विनंती, कोडांची खिचडी करू नका. लोड एकाचा आणि क्षमता दुसऱ्याची असं केलं तर सेफ्टी किती उरली ते देवालाही सांगता येणार नाही.

आर्किटेक्ट_अर्धवट:
माझा नेहमीचा वाद, ब्रेसिंग. हे लोक नेमकं माझ्या दारातून नाहीतर खिडकीतून ती तिरकी नळी काढतात. काढूनच का टाकत नाही?

लोखंड्या:
कारण बीम-कॉलमचा नुसता चौकोन आडव्या धक्क्याला उभा राहत नाही. साधे जोड असतील तर ती एक यंत्रणा आहे, समांतरभुज होऊन खाली बसेल. तीन पर्याय. तिरके ब्रेसेस टाकून त्रिकोण करायचे, सगळ्यात स्वस्त आणि ताठ. किंवा बीम-कॉलमचे जोड पक्के करून मोमेंट फ्रेम, तुमच्या खिडक्या मोकळ्या पण स्टील वाढतं, जोड महाग होतात आणि फ्रेम तरीही जास्त हलते. किंवा काँक्रीटचा कोअर, सगळं आडवं बल तिकडं.

मोकळीक हवी असेल तर पहिल्या मीटिंगला सांगा, की ह्या दोन गाळ्यांत ब्रेस चालेल, इथं नाही. उलट्या व्ही आकारात बऱ्याचदा दार बसतं. आणि दोन्ही दिशांना लागतं हां, एकाच दिशेला ब्रेस घातलेली ड्रॉइंग मी बघितली आहेत.

उंच इमारतींचं सगळं शास्त्र हेच. फझलूर खान ह्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनं बाहेरचा सगळा घेरच एक पोकळ नळी म्हणून वापरला. शिकागोचं जॉन हॅनकॉक सेंटर आठवा, बाहेरून भलेमोठे एक्स दिसतात ते ब्रेसिंगच आहे, लपवलंच नाही. नंतर सिअर्स टॉवरमधे नऊ नळ्यांची मोळी बांधली, ४४२ मीटर.

काँक्रीटप्रेमी:
आग राहिली.

लोखंड्या:
विसरलो नाहीये. स्टील जळत नाही पण मऊ पडतं. युरोकोडच्या टेबलाप्रमाणं ४०० अंशांपर्यंत यील्ड जवळपास शाबूत, ५०० ला ७८ टक्के, ६०० ला ४७, ७०० ला २३. ताठपणा तर आधीच उतरायला लागतो, ६०० ला ३१ टक्केच. म्हणजे बकलिंगची क्षमता ताकदीच्याही आधी जाते. आणि स्टँडर्ड आगीच्या टेस्टमधे भट्टी अर्ध्या तासात ८४० च्या पुढं जाते. त्यामुळं उघडं स्टील फार वेळ टिकत नाही, किती वेळ ते सेक्शनच्या जाडीवर. पातळ सेक्शन लवकर तापतो.

इलाज: बोर्डाची पेटी, व्हर्मिक्युलाइटसारखा फवारा, किंवा इंट्युमेसंट पेंट जो तापला की फुगून फेसासारखा थर करतो. खर्चिक आहे, इथं काँक्रीट पुढं आहे हे मान्य. गंजाचं मात्र इमारतीच्या आत कोरड्या जागी फारसं काही नसतं, बाहेर किंवा समुद्राजवळ असेल तर ब्लास्टिंग करून झिंक प्राइमर नाहीतर गॅल्व्हनायझिंग. आणि पाणी साचेल असा खड्डा डिटेलिंगमधे ठेवायचा नाही, पेंटपेक्षा हे महत्त्वाचं.

काँक्रीटप्रेमी:
"इथं काँक्रीट पुढं आहे हे मान्य". स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

गॅसकटर:
आता माझी पाळी. नवीन डिझायनर पोरं मेंबरवर आठवडा घालवतात आणि जोडावर अर्धा तास. शॉपमधे जवळजवळ सगळं कष्टाचं काम जोडाचं असतं हो, बीम तर मिलमधून तयार येतो.

आमच्या तक्रारी ऐका. बोल्ट असा दाखवतात की पाना शिरत नाही, फ्लँज आडवा येतो. ड्रॉइंगवर सगळीकडे "वेल्ड ऑल राउंड" लिहून मोकळे. फिलेट वेल्डची (दोन प्लेटच्या कोपऱ्यात भरलेल्या वेल्डची) साइज ६ ची १२ केली की ताकद दुप्पट होते पण माल चौपट लागतो, तीन-चार रन (वेल्डच्या फेऱ्या) मारावे लागतात, उष्णतेनं प्लेट वाकडी होते ती वेगळीच. ६ मिमी एका रनमधे होतो. वेल्ड कमी पडतोय तर आधी लांबी वाढवता येते का बघा.

आणि एकाच जॉबमधे एकाच डायाचे दोन ग्रेडचे बोल्ट देऊ नका. डोक्यावर ४.६ आणि ८.८ लिहिलेलं असतं पण वर चढलेला माणूस पोत्यात हात घालून येईल तो लावतो.

लोखंड्या:
गॅसकटर +१००, विशेषतः शेवटचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ८.८ म्हणजे तुटण्याची ताकद ८०० आणि यील्ड त्याच्या ०.८ पट, ६४०. एम२० चा ८.८ बोल्ट सिंगल शिअरमधे, आटे शिअरच्या पातळीत धरून, साधारण ९० किलोन्यूटन घेतो, ४.६ चा बरोब्बर निम्मे, ४५. बाहेरून दोन्ही सारखे.

साधा जोड आणि मोमेंट जोड हा फरकही समजून घ्या. साध्या जोडात बीमचा फक्त वेब धरतात, फिन प्लेट किंवा दोन अँगल क्लीट लावून. बीमचं टोक थोडं फिरू शकतं, म्हणून मोमेंट जवळजवळ जात नाही. फ्लँजही धरले, वेल्डनं किंवा जाड एंड प्लेटनं, की मोमेंट जातो. मॉडेलमधे एक आणि साइटवर दुसरं झालं की सगळं गणित वाया. सॉफ्टवेअर न सांगता सगळे जोड पक्के धरतं, रिलीज द्यायचं, म्हणजे हा जोड फिरू शकतो असं सांगायचं, काम आपलं.

जोडात काय होऊ शकतं ह्याचं सगळ्यात वाईट उदाहरण कॅन्सस सिटीचं हयात रीजन्सी, १७ जुलै १९८१. लॉबीत वरून टांगलेले पादचारी पूल होते, चौथ्या मजल्याचा आणि त्याच्या बरोब्बर खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ ड्रॉइंगमधे छतापासून खालपर्यंत एकच अखंड रॉड, दोन्ही पूल त्याला वेगवेगळे नटवर टेकलेले. एवढ्या लांब रॉडला मधेच आटे पाडून नट चढवायचा कसा म्हणून बदल झाला: एक रॉड छतापासून चौथ्यापर्यंत आणि दुसरा चौथ्याच्या बीमपासून खाली. दिसायला काहीच फरक नाही. पण आता चौथ्याच्या बीमखालच्या नटवर दोन्ही पुलांचं वजन, म्हणजे दुप्पट. बीम म्हणजे दोन चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेली पेटी आणि भोक त्या वेल्डमधूनच. नट आरपार ओढला गेला. ११४ माणसं गेली. तपासात निघालं की मूळचा जोडही कोडच्या मागणीच्या साठ टक्केच होता.

एकही मेंबर ताकदीत कमी पडला नव्हता.

उंटावरून:
बापरे. हा बदल कुणी मंजूर केला?

लोखंड्या:
फॅब्रिकेटरकडून शॉप ड्रॉइंग आली, इंजिनिअरच्या कचेरीचा शिक्का बसला, त्या जोडाचं गणित कुणीच केलं नाही. इंजिनिअर मंडळींची लायसन्सं गेली. म्हणून शॉप ड्रॉइंग चेक करणं हे कंटाळवाणं कारकुनी काम नाही, त्यात डिझाइनच असतं.

गॅसकटर:
आमच्या बाजूनं पण बोलतो. बदल सुचवताना आम्हाला लोडचा रस्ता दिसत नाही, आम्हाला फक्त बनवायला सोपं काय ते दिसतं. चूक नाही ती, ते आमचं कामच आहे. पण म्हणून ड्रॉइंगवर जोडाचं बल लिहीत जा. "इथं १२० किलोन्यूटन येतात" एवढं लिहिलं तरी माणूस दोनदा विचार करतो.

सिव्हिल_सेकंड_इयर:
दादा, बकलिंगमुळं खरंच पडलेली इमारत आहे का? पुस्तकात फक्त ग्राफ आहे.

लोखंड्या:
आहे. हार्टफर्ड सिव्हिक सेंटर, १८ जानेवारी १९७८. प्रचंड स्पेस फ्रेमचं (तिन्ही दिशांना जोडलेल्या दांड्यांच्या जाळीचं) छप्पर, बर्फाच्या ओझ्याखाली पहाटे कोसळलं, काही तास आधी तिथं बास्केटबॉलची मॅच होऊन हजारो लोक घरी गेले होते म्हणून कुणी दगावलं नाही. वरच्या दाबातल्या मेंबरना मधे धरलंय असं गणितात होतं, प्रत्यक्षात ते धरणं पुरेसं नव्हतं. त्या काळात कॉम्प्युटरनं केलेलं अ‍ॅनालिसिस म्हणून सगळ्यांचा विश्वास.

आणि डक्टिलिटीचं सुरुवातीला एवढं कौतुक केलं तर दुसरी बाजूही सांगतो. १७ जानेवारी १९९४, नॉर्थरिज, लॉस एंजेलिस. तोवर समजूत अशी की स्टीलची वेल्डेड मोमेंट फ्रेम म्हणजे भूकंपाला सगळ्यात भरवशाची. भूकंपानंतर तपासलं तर शंभराहून जास्त इमारतींत बीमचा फ्लँज कॉलमला जिथं वेल्ड केला होता तिथं तडे, बहुतेक खालच्या फ्लँजला. स्टील डक्टाइल, पण जोड ठिसूळ. त्यानंतर युक्ती निघाली ती मला फार आवडते: जोडापासून थोडं अलीकडे बीमचा फ्लँज दोन्ही बाजूंनी मुद्दाम कापून बारीक करायचा. म्हणजे यील्ड व्हायचंच असेल तर तिथं हो, वेल्डला हात लावू नको. बीम कमजोर करून इमारत सुरक्षित.

गॅसकटर:
उभारणीचं पण लिहा. सगळ्यात जास्त धोका तेव्हाच असतो, अर्धी फ्रेम उभी, ब्रेसिंग अजून ट्रकवर.

लोखंड्या:
बरोबर. डिझाइन पूर्ण इमारतीचं असतं, अर्धवट इमारतीचं कुणी करत नाही. कॉलमखाली दोनच फाउंडेशन बोल्ट असतील तर उभा केलेला कॉलम एका दिशेनं नुसता टेकलेला असतो. अमेरिकेत नियमच आहे, प्रत्येक कॉलमला किमान चार अँकर. मी गणितात लागोत न लागोत चारच देतो. आणि तात्पुरते दोर कधी सोडायचे ते ड्रॉइंगवर लिहावं, फोरमनच्या अंदाजावर सोडू नये.

सिव्हिल_सेकंड_इयर:
दादा मी तुमच्या आयएसएमबी ३०० चाच कॉलम करून बघितला. उंची ४ मीटर, दोन्ही टोकं पिन. किडकिडीत दिशेचा आर (रेडियस ऑफ जायरेशन, टेबलातून घेतला) २८.४ मिमी, सडपातळपणा, म्हणजे लांबी भागिले आर, १४१. नुसत्या यील्डवर १२७९ किलोन्यूटन येतात पण आयएस ८०० च्या बी कर्व्हनं ४०० च येतात!! मग किडकिडीत दिशेला मधोमध एक ब्रेस धरला तर ९३० आले. हे बरोबर आहे का? तुम्ही म्हणालात लांबी अर्धी केली की चौपट, इथं सव्वादोन पटच आलं.

लोखंड्या:
शाब्बास, आकडे बरोबर आहेत आणि प्रश्न त्याहून चांगला आहे.

ऑयलरचं चौपट फक्त खूप सडपातळ कॉलमला. ४ मीटरला तुझा ऑयलर लोड साधारण ५६० येईल, चौपट केले की २२४०. पण आख्खा सेक्शन यील्ड होतो १४०० ला (फॅक्टर न लावता), म्हणजे २२४० कधी येणारच नाहीत. मधल्या पट्ट्यात यील्ड आणि बकलिंग एकमेकांत मिसळतात. त्यात खरा कॉलम सरळ नसतो, थोडा वाकलेला येतोच. आणि रोलिंगनंतर फ्लँजची टोकं आधी थंड होतात, मधला भाग नंतर, त्यामुळं लोड टाकायच्या आधीच टोकांमधे दाब अडकून बसलेला असतो. ती टोकं लवकर यील्ड होतात आणि किडकिडीत दिशेचा ताठपणा नेमका त्याच टोकांमुळं असतो. कोडमधे ए, बी, सी, डी असे चार कर्व्ह आहेत ते ह्याचसाठी, सेक्शन कसा बनलाय आणि कुठल्या दिशेनं वाकतोय त्यावर कर्व्ह ठरतो.

दणकट दिशा बघितलीस का? तिकडं लांबी ४ मीटरच राहिली.

सिव्हिल_सेकंड_इयर:
हो, आर १२४, सडपातळपणा ३२, तिकडं जवळजवळ पूर्ण क्षमता मिळते. म्हणून ९३० च गव्हर्न करतात. आता तो मधला ब्रेस केवढा लागेल?

लोखंड्या:
बल फार नसतं, कॉलममधल्या बलाच्या दोन-अडीच टक्के धरतात, ९३० ला २३ किलोन्यूटन, एक बऱ्यापैकी अँगल पुरतो. पण तो दुसऱ्या टोकाला बांधलायस कशाला ते लिही. शेजारच्या तसल्याच कॉलमला बांधला असशील तर दोघं मिळून एकाच बाजूला वाकतील आणि मग दोघांचेही परत ४०० च. ती आडवी रांग कुठंतरी एका तिरक्या ब्रेसच्या गाळ्यात जाऊन संपली पाहिजे, आणि रांगेत दहा कॉलम असतील तर त्या गाळ्यावर दहांचं बल जमा होतं. ते धरून परत कर आणि स्केच टाक इथं.